चालक नसलेल्या गाडीवर भरवसा कसा बसतो?

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएमच्या एका कार्यक्रमात नितीन गडकरी स्पष्टच बोलले होते की आपण असेपर्यंत चालकाविना धावणाऱ्या गाड्या या देशात येऊ देणार नाही. कारण एकच, लाखो चालकांच्या नोकऱ्या जातील. २०१७ मध्येही त्यांनी हेच सांगितलं होतं. आपल्याकडे त्यावर दोनच प्रतिक्रिया आल्या. एक, साहेब बरोबर बोलले. दुसरी, जग कुठे चाललंय आणि आपण कुठे.

मला या दोन्हींपेक्षा वेगळा प्रश्न पडतो. समजा उद्या परवानगी मिळाली. तरी साकोलीहून भंडाऱ्याला येताना स्टीअरिंगवर कोणी नसलेल्या गाडीत तुम्ही बसाल का? पोराला बसवाल का? आणि बसायला तयार व्हायचं असेल तर आधी काय काय झालेलं असायला हवं? याचं उत्तर जाहिरातीत मिळत नाही, ते इतिहासात मिळतं. कारण आपल्या ताब्यात नसलेल्या यंत्रात जीव टाकून बसायची वेळ आपल्यावर पहिल्यांदा येत नाहीये.

आपल्या जिल्ह्यात असं पहिलं मोठं यंत्र आलं ते रेल्वेचं. नागपूर ते राजनांदगाव ही नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० च्या आसपास बांधली गेली, तीही मीटरगेज. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिने हा मार्ग घेतला आणि ब्रॉडगेज केला. आज वरठीला जे भंडारा रोड स्टेशन आहे ते याच मार्गावरचं. त्या काळच्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. त्याला बैल कळतो, घोडा कळतो, वैनगंगेतला डोंगा कळतो. आणि आता लोखंडाची गाडी, जिचा चालक त्याला दिसतही नाही, ती त्याला पुलावरून घेऊन जाणार. पुलाच्या पायात नरबळी लागतो अशा अफवा त्या काळात देशात ठिकठिकाणी उठत. आपण आज हसतो. पण ज्या गोष्टीचं कामकाज कोणी समजावून सांगत नाही, तिच्याबद्दल माणूस स्वतःच काहीतरी गोष्ट रचतो. हे आजही तसंच आहे.

इंग्लंडचे लोक तरी कुठे शहाणे होते! १८६५ मध्ये तिथे कायदा झाला की रस्त्यावर यंत्राची गाडी चालवायची तर तिच्या साठ यार्ड पुढे एक माणूस लाल झेंडा घेऊन चालला पाहिजे. वेग गावात ताशी २ मैल, बाहेर ४ मैल. हा कायदा १८९६ पर्यंत टिकला. लिफ्टचंही तसंच. आपोआप चालणारी लिफ्ट तंत्राने कधीच शक्य झाली होती, पण लिफ्टमन नसेल तर लोक आत पाय ठेवत नसत. १९४५ मध्ये न्यूयॉर्कचे लिफ्टमन संपावर गेले, शहर अडलं, तेव्हा इमारतवाल्यांनी हा विषय मनावर घेतला. थांबवायचं लाल बटण, आतला टेलिफोन, मजला सांगणारा शांत आवाज, या सगळ्याने लोकांची भीती हळूहळू गेली. लाल बटण कितीजण दाबतात? फार थोडे. पण ते आहे, म्हणून आपण उभे राहतो.

रेल्वेवर लोकांचा विश्वास बसला तो मात्र बटणाने नाही. तो बसला अपघातांनंतर, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आरमाघजवळ सहलीची गाडी चढावर अडली. गाडी दोन भागांत तोडून आधी पुढचा भाग न्यायचं ठरलं. मागचे डबे सुटले, उतारावरून मागे पळाले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ऐंशी जण गेले, त्यात पुष्कळ लहान मुलं होती. त्या गाडीला व्हॅक्यूम ब्रेक होता, पण साधा. म्हणजे इंजिन ओढून धरेल तोवरच ब्रेक लागायचा. डबे इंजिनापासून सुटले की ब्रेकही गेला. उलट प्रकारचा ब्रेकही तेव्हा उपलब्ध होता. त्यात नळीतला व्हॅक्यूम टिकवला तर चाक मोकळं राहतं, नळी तुटली की ब्रेक आपोआप आवळतो. म्हणजे बिघाड झाला की गाडी थांबते. कंपन्या खर्चामुळे टाळत होत्या. आरमाघनंतर त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून तो सक्तीचा केला.

ज्यांनी जुने हात-सिग्नल पाहिलेत त्यांना हेच तत्त्व आठवेल. तार तुटली तर वजनामुळे हात आडवा, म्हणजे ‘थांबा’. बिघडलेला सिग्नल कधी ‘या’ म्हणू नये अशीच ती रचना. चूक होणारच हे गृहीत धरून ती चूक सुरक्षित बाजूला पडावी, असं यंत्र बांधायचं. प्रवाशाला यातलं काहीही कळत नव्हतं. पण गाडी रोज नीट पोचते एवढं त्याला दिसत होतं.

दुसरी गोष्ट, चौकशी कोणी करायची? आपल्याकडे १८९० च्या रेल्वे कायद्याने सरकारी निरीक्षक होते, पण ते रेल्वे बोर्डाच्याच अखत्यारीत. म्हणजे ज्याची गाडी घसरली त्याच्याच हाताखालचा माणूस घसरण्याचं कारण शोधणार! १९३७ मध्ये बिहारमध्ये बिहट्याला मोठा अपघात झाला, त्यानंतरच्या काळात हा प्रश्न ऐरणीवर आला. १९३९ मध्ये केंद्रीय कायदेमंडळाने तत्त्व मान्य केलं आणि मे १९४१ मध्ये निरीक्षकांना रेल्वेपासून तोडून डाक आणि हवाई खात्याखाली नेलं. १९६१ मध्ये त्याचं नाव रेल्वे सुरक्षा आयोग झालं. आजही हा आयोग रेल्वे मंत्रालयाखाली नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे. नवा मार्ग प्रवाशांसाठी सुरू करायचा तर त्याची मंजुरी लागते. नागपूर मेट्रोलासुद्धा मेट्रोच्या सुरक्षा आयुक्ताचा दाखला घ्यावा लागला. डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली मेट्रोची मॅजेंटा लाइन चालकाविना धावायला लागली, आणि लोक सेल्फी काढत बसले. त्या बिनधास्तपणामागे हे सगळं उभं होतं, शिवाय बंदिस्त रूळ, ज्यावर म्हैस येत नाही.

२ जून २०२३ च्या बालासोरच्या अपघातात २९० च्या वर माणसं गेली. तिथे यंत्राने दगा दिला अशी चर्चा सुरू झाली होती. सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघालं ते वेगळंच. सिग्नलच्या वायरिंगमध्ये माणसांनी दुरुस्ती करताना केलेली चूक, आणि आधीच्या तशाच एका प्रकारातून न घेतलेला धडा. यंत्र चांगलं असून भागत नाही, त्याची पेटी उघडणारा, वायर जोडणारा आणि त्यावर सही करणारा, तिघंही नीट लागतात.

आता रस्त्यावर या. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणीच्या गाडीने रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवलं. गाडीला ती काही सेकंद आधी दिसली होती. पण ती कधी अनोळखी वस्तू, कधी वाहन, कधी सायकल अशी गाडीची ओळख बदलत राहिली. गाडीचा मूळचा तातडीचा ब्रेक चाचणीसाठी बंद ठेवलेला होता, आणि लक्ष ठेवायला बसवलेल्या माणसाची नजर रस्त्यावर नव्हती. म्हणजे आरमाघच्या नेमकं उलटं. गोंधळ झाला तर थांबायचं, ही सवयच त्या गाडीला नव्हती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत क्रूझ कंपनीची गाडी. आधी दुसऱ्याच, माणूस चालवत असलेल्या गाडीने एका बाईला धडक दिली, ती क्रूझच्या गाडीपुढे फेकली गेली. क्रूझच्या गाडीने ब्रेक मारला, पण नंतर कडेला जाण्यासाठी ती पुन्हा हलली आणि बाईला सुमारे वीस फूट फरफटत नेलं. लोक एकवेळ हेही समजून घेतील. कंपनी बुडाली ती पुढच्या गोष्टीने. फरफटत नेल्याचा भाग तिने अधिकाऱ्यांना सरळ सांगितला नाही, असं कॅलिफोर्नियाच्या परिवहन विभागाने म्हटलं. परवाना गेला. डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने रोबोटॅक्सीला पैसा देणंच थांबवलं. त्याच शहरात वेमोच्या गाड्या मात्र धावत राहिल्या.

आपल्याकडचं चित्र काय? आपला राष्ट्रीय महामार्ग ५३ घ्या. धानाच्या हंगामात मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली, रस्त्यावर वाळत घातलेलं धान, त्याभोवती अंधारात ठेवलेले दगड. साकोलीच्या पुढे नागझिरा-नवेगावचं जंगल. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात मुरदोलीजवळ ऑगस्ट २०२३ मध्ये कारच्या धडकेत वाघ गेला, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. टेंपीच्या गाडीला सायकल ढकलणारी बाई ओळखता आली नाही. तिला डोक्यावर भारा घेतलेली बाई, तिच्यामागे शेळी आणि उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल दाखवा.

इथे मला आपली बंडी आठवते. बाजारातून रात्री परतताना धुरकरी झोपून जायचा आणि बैल बरोबर घरी आणायचे. म्हणजे बिनचालक गाडी आपल्याला नवी नाही! पण बैलाला स्वतःचाही जीव होता. समोर खड्डा दिसला की तो मालकासाठी नाही, स्वतःसाठी थांबायचा. कॉम्प्युटरला मरणाची भीती नाही, म्हणून ती भीती कायद्याने आणि तपासणीने बाहेरून घालावी लागते.

आणि कायदा कुठे आहे? मोटार वाहन कायदा १९८८ चा, तो सगळा ‘चालक’ या शब्दावर उभा आहे. २०१९ च्या दुरुस्तीत कलम २ब आलं, संशोधनासाठी काही वाहनांना केंद्र सूट देऊ शकतं. बस, एवढंच. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत पेट्रोलपंपांवर कशा रांगा लागल्या होत्या आठवतं ना? अपघात करून पळणाऱ्याला १० वर्षं शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध ट्रकचालकांनी चाकं थांबवली होती. ते कलम १०६(२) अंमलात आणणं सरकारने थांबवलं. चालक असताना ही अवस्था. चालकच नसेल तर १० वर्षं कोणाला? गाडीच्या मालकाला, कंपनीला, की बंगळुरूत बसून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोराला? याचं उत्तर नसताना भरवसा ठेवा म्हणणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही मागणं आहे.

गडकरींचा नोकरीचा मुद्दा मी हलका मानत नाही. आपल्याकडे दोन एकर धानावर घर चालत नाही म्हणून किती पोरं ट्रकवर गेली आहेत. गडेगावच्या अशोक लेलँडच्या कारखान्यात गिअरबॉक्स बनतात, म्हणजे ट्रकवर जगणारी घरं फक्त चालकांचीच नाहीत. पण बंदी हा कायमचा उपाय नाही, आणि मधला रस्ता साठ किलोमीटरवर नागपुरात चालू झालेला आहे. २०२१ मध्ये तिथे आय-रास्ते प्रकल्प सुरू झाला. महापालिका, हैदराबादची ट्रिपल आयटी, इंटेल, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था अशी मंडळी त्यात आहेत. ‘आपली बस’च्या गाड्यांवर कॅमेऱ्याचं उपकरण बसवलं. समोरच्या गाडीशी टक्कर होण्याची शक्यता दिसली की ते चालकाला सावध करतं. शिवाय असे इशारे पुन्हा पुन्हा कुठे मिळतात ते पाहून, अपघात व्हायच्या आधीच धोक्याच्या जागा शोधायच्या. चालक जागेवर, नोकरी जागेवर, आणि यंत्राची परीक्षा रोज चालू. लाल झेंड्यापेक्षा ही वाट मला कितीतरी शहाणपणाची वाटते.

फक्त एक गोष्ट आपल्या जिल्ह्याने विसरू नये. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरार आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगर इथे रुग्णालयांना पुन्हा आगी लागल्या आणि माणसं गेली. भंडाऱ्याचा माणूस यंत्रावर अविश्वास दाखवतो तेव्हा तो अडाणी म्हणून नाही. तपासणीचा कागद आणि तपासणी यातला फरक त्याने फार मोठी किंमत देऊन पाहिला आहे.

नागपूर-गोंदिया द्रुतगती मार्ग आपल्या जिल्ह्यातून जाणार आहे. समृद्धीवर १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ जण गेले. मग काही लोकांनी रस्त्याच्या कडेला महामृत्युंजय यंत्र बसवलं, त्यावरून तक्रारही झाली. नव्या रस्त्यावर कॅमेरे असतील, स्वयंचलित यंत्रणा असेल. मग आजच विचारायला हवं की त्या कॅमेऱ्यांतली अपघाताची माहिती कोणाकडे जाणार, ती लोकांना दिसणार का, आणि मोठा अपघात झाला तर रस्ता बांधणाऱ्या खात्याबाहेरचं कोणी चौकशी करणार का. रेल्वेला १९४१ मध्ये जे मिळालं ते रस्त्याला अजून मिळालेलं नाही.

जिल्हा रस्ता सुरक्षा समिती आपल्याकडेही आहे. तिच्या मागच्या वर्षभरातल्या बैठकांची इतिवृत्तं मी माहिती अधिकारात मागतो आहे. मिळाली की जशीच्या तशी इथे टाकतो. तुमच्या गावाजवळ, तुमच्या रोजच्या वाटेवर, नेमक्या कोणत्या वळणावर अपघात होता होता वाचतात ते किलोमीटरच्या दगडासकट लिहून ठेवा, अर्जाला जोडता येईल.