कोव्हॅक्सिन
कोव्हॅक्सिन : कोविड-१९ वरील भारतीय बनावटीची निष्क्रिय विषाणू लस. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुणे येथील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने (स्थापना १९५२) रुग्णांच्या नमुन्यांतून सार्स-कोव्ह-२ विषाणू वेगळा करून २०२० मध्ये हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीकडे सोपवला. व्हेरो पेशींत (माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या पेशी) वाढवलेला हा विषाणू बीटा-प्रोपिओलॅक्टोन या रसायनाने निष्क्रिय करतात. त्यामुळे त्याची वाढ थांबते, मात्र शरीर त्याला ओळखून प्रतिपिंडे तयार करते. तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत लशीची परिणामकारकता ७७.८ टक्के आढळली. भारतात ३ जानेवारी २०२१ रोजी तिच्या आपत्कालीन वापरास परवानगी मिळाली. ३ नोव्हेंबर २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनेही आपत्कालीन वापराची परवानगी दिली. भारत बायोटेकशी झालेल्या करारानुसार लशीच्या निव्वळ विक्रीवर ५ टक्के स्वामित्वधन भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला मिळेल असे ठरले होते.