ग्लाइड नावाची बोली आणि तिचे दुभाषी

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत कॉम्प्युटर गेमचा इतिहास कशाला, असे मंडळातील ज्येष्ठ विचारतील याची आम्हाला कल्पना आहे. होळकरांचे दफ्तर, राजवाडा, आपल्या नाट्यसंस्था हे विषय दरवर्षी येतात आणि ते यायलाच हवेत. पण १९८०च्या आसपास इंदुरात जन्मलेल्या आमच्या पिढीच्या तारुण्याचाही आता इतिहास झाला आहे. त्याची साधने माळ्यावर, बुटांच्या खोक्यात, सीडींच्या रूपाने पडून आहेत. त्यातल्या बऱ्याच सीडी अजून वाचता येतात, गेम मात्र सुरू होत नाही. काळा पडदा येतो, रंग विटतात, नाहीतर इंग्रजीत एक ओळ येते आणि सगळे बंद. पॉलिटेक्निकची पदविका घेतलेला माणूस म्हणून अशा वेळी कॉलनीतून आम्हाला बोलावणे येते. "तेवढा जुना गेम लावून द्या, पोराला दाखवायचाय." दरवेळी कारण निराळे निघते, पण मूळ एकच असते. गेम एका भाषेत बोलत असतो आणि समोरच्या मशीनला ती भाषा आता येत नसते.

सुरुवातीला मध्ये भाषा नव्हतीच. डॉसच्या काळात गेम थेट ग्राफिक्स कार्डाशी बोलत असे, आणि कार्डे जितकी, तितके बोलण्याचे प्रकार. आयबीएमचे सीजीए १९८१चे, त्यात ३२० बाय २०० ठिपके आणि चार रंग. ईजीए १९८४चे, सोळा रंगांचे. १९८७च्या व्हीजीएने तेवढ्याच ठिपक्यांत २५६ रंग दिले. शिवाय हर्क्युलिसचे एकरंगी कार्ड होते, जे आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासांतून सर्रास दिसे. जॉर्डन मेकनरचा प्रिन्स ऑफ पर्शिया या सगळ्यांवर चाले, कारण लिहिणाऱ्यांनी प्रत्येक कार्डासाठी वेगळी सोय करून ठेवली होती. एकरंगी पडद्यावर तो राजपुत्र उड्या मारताना पाहिलेले, आणि ‘प्रिन्स मेगाहिट’ टाइप करून फसवणूक करायला शिकलेले अनेक सज्जन आज या शहरात जबाबदार पदांवर आहेत.

व्हीजीएच्या पुढे मात्र गोंधळ माजला. ट्रायडेंट, सिरस लॉजिक, एस-थ्री, त्सेंग अशा प्रत्येक कंपनीने जास्त रंग आणि जास्त ठिपके दाखवायची आपापली रीत काढली. १९८९मध्ये व्हेसा ही संघटना स्थापन झाली आणि तिने सामाईक नियम ठरवून दिले. पण नियम कागदावर आणि कार्डे बाजारात. म्हणून युनिव्हीबीई नावाचा छोटा प्रोग्राम गेमच्या आधी चालवावा लागे. तो कार्ड कोणते ते ओळखून गेमला व्हेसाच्या भाषेत उत्तरे देई. आमच्या मते या कथेतला हा पहिला दुभाषी.

विंडोज आल्यावर थेट बोलण्यालाच बंदी झाली. मध्ये विंडोज बसली, आणि ती गेमसाठी फार संथ होती. मायक्रोसॉफ्टने १९९४मध्ये विन-जी नावाची सोय काढली. त्या नाताळात डिस्नेचे ‘लायन किंग’ हे मुलांचे चित्रगोष्टींचे सॉफ्टवेअर अमेरिकेत घरोघर गेले. नेमकी त्याच नाताळात विकल्या गेलेल्या कॉम्पॅकच्या काही कॉम्प्युटरांतले ड्रायव्हर विन-जीबरोबर तपासलेलेच नव्हते. सिंहाच्या छाव्याऐवजी मशीन ठप्प होऊ लागले आणि रडकुंडीला आलेल्या मुलांच्या आईबापांनी फोन लावले. ही फजिती मायक्रोसॉफ्टच्या जिव्हारी लागली. अॅलेक्स सेंट जॉन, क्रेग आइसलर आणि एरिक एंगस्ट्रॉम या तिघांच्या खटपटीतून सप्टेंबर १९९५मध्ये डायरेक्ट-एक्स बाहेर आले. कार्डाच्या कंपनीने ड्रायव्हर द्यायचा, गेम लिहिणाऱ्याने डायरेक्ट-एक्सशी बोलायचे, आणि दोघांची गाठ मायक्रोसॉफ्टने घालून द्यायची, अशी ती व्यवस्था.

ती रुळण्याआधीच थ्रीडीएफएक्स आली, आणि इथे जरा थांबायला हवे.

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे १९९४मध्ये ही कंपनी निघाली. १९९६मध्ये मेमरीचे भाव कोसळले आणि तिचे व्हूडू कार्ड घरच्या कॉम्प्युटरला परवडण्याजोगे झाले. मोठे चमत्कारिक कार्ड होते ते. त्याला साधे चित्र दाखवताच येत नसे, म्हणून जुने कार्ड तसेच ठेवायचे, त्यातून एक तार व्हूडूला, आणि व्हूडूतून दुसरी तार मॉनिटरला. गेम सुरू झाला की ताबा व्हूडूकडे. ऑर्किड कंपनीच्या राइचस थ्रीडी कार्डातला रिले तर त्या क्षणी टक् असा आवाज करी. आणि मग पडद्यावर जे दिसे! जवळ गेल्यावर भिंतीचे चौकोनी ठिपके दिसत, ते नाहीसे होऊन भिंत भिंतीसारखी दिसू लागे.

या कार्डाची स्वतःची भाषा होती, ग्लाइड. कार्डाला जेवढे येते तेवढेच तिच्यात होते, म्हणून ती छोटी आणि चपळ होती. त्या वेळी तिला दोन प्रतिस्पर्धी होते. एक मायक्रोसॉफ्टची डायरेक्ट-थ्रीडी, जी १९९६मध्ये नुकतीच आली होती आणि लिहायला किचकट होती. दुसरी सिलिकॉन ग्राफिक्सची ओपन-जीएल, १९९२ची, मुळात महागड्या वर्कस्टेशनसाठी केलेली. डूम आणि क्वेक लिहिणाऱ्या जॉन कारमॅक यांनी डिसेंबर १९९६मध्ये डायरेक्ट-थ्रीडीला जाहीर नकार देऊन ओपन-जीएलची बाजू घेतली. जानेवारी १९९७मध्ये त्यांच्या क्वेकची ओपन-जीएल आवृत्ती आली. व्हूडूला पूर्ण ओपन-जीएल कुठे येत होती? तेव्हा थ्रीडीएफएक्सने क्वेकला लागतील तेवढीच वाक्ये ग्लाइडमध्ये उतरवणारी फाइल दिली, तिचे नाव मिनी-जीएल. म्हणजे तिथेही दुभाषीच.

इकडे आमच्यापर्यंत हे सगळे पोहोचले ते निराळ्या रूपात. नीड फॉर स्पीड टू एसई या १९९७च्या गेममध्ये वेगवान थ्रीडी चित्र फक्त ग्लाइडमधून मिळे. व्हूडू नसेल त्याने साध्या, खडबडीत चित्रावर समाधान मानायचे. आमच्या ओळखीत व्हूडू एकाकडेही नव्हते. पण गेम तर थ्रीडीच चालवून पाहायचा! मग "ग्लाइड-टू-एक्स डीएलएल सापडत नाही" ही ओळ यायची. ती फाइल सायबर कॅफेतून फ्लॉपीवर आणून टाकणारे उत्साही वीर होते. फाइल सापडे, आणि आता कार्ड सापडत नाही म्हणून गेम तक्रार करी. भाषेचा कोश आणला, बोलणाराच नाही, अशातली गत.

थ्रीडीएफएक्सचा घात अहंकाराने केला असे आमचे मत आहे. डिसेंबर १९९८मध्ये तिने एसटीबी ही कार्डे बनवणारी कंपनी घेण्याचे जाहीर केले, म्हणजे इथून पुढे कार्डे आपणच बनवणार. तोवर तिच्या चिप घेऊन कार्डे विकणाऱ्या कंपन्या मग एनव्हिडियाकडे वळल्या. ग्लाइडवरही असाच पहारा होता. १९९९मध्ये क्रिएटिव्ह कंपनीने एनव्हिडियाच्या चिपवर ग्लाइडचे गेम चालवणारा दुभाषी काढला, तर थ्रीडीएफएक्स त्याच्याविरुद्ध कायद्याची भाषा बोलू लागली. शेवटी डिसेंबर १९९९मध्ये तिने ग्लाइड सर्वांना खुली केली, तेव्हा उशीर झाला होता. डिसेंबर २०००मध्ये एनव्हिडियाने तिची मालमत्ता घेतल्याचे जाहीर झाले आणि २००२मध्ये दिवाळे निघाले. २००१मध्ये विंडोज एक्सपी आली तेव्हा व्हूडूसाठी ड्रायव्हर लिहायला कंपनी उरलेली नव्हती. ते काम हौशी लोकांनी केले.

आपल्यापैकी किती घरांत मोडीतले जुने कागद आहेत! आजोबांच्या जमिनीचा कागद हातात असतो, शाई शाबूत असते, आणि वाचणारा शोधत फिरावे लागते. ग्लाइडच्या गेमचे काही वर्षे तेच झाले.

मधला काळ भरभर सांगतो. डायरेक्ट-थ्रीडी सुधारत गेली आणि जिंकली, पण तिच्या आवृत्त्या दरवर्षी बदलत. आपल्याकडे बहुतेकांकडे इंटेलच्या ८१० किंवा ८४५ चिपमधलेच ग्राफिक्स असे आणि नव्या गेमला हवे असलेले काम त्याला येत नसे. मग थ्री-डी अॅनलाइज नावाचा प्रोग्राम गेमला सांगे की हे कार्ड सर्व काही करू शकते, आणि ते काम गुपचूप प्रोसेसरकडून करून घेई. गेम गोगलगाईसारखा चाले, पण चाले. नावांनीही दगा दिला. एनव्हिडियाच्या जीफोर्स फोर एमएक्सला जीफोर्स थ्रीतले शेडर येत नव्हते, म्हणून २००३च्या प्रिन्स ऑफ पर्शियाला आकडा लहान असलेले थ्री चाले आणि फोर एमएक्स चालत नसे.

पुढे विंडोजच बदलत गेली. चौसष्ट बिटांच्या विंडोजने सोळा बिटांचे प्रोग्राम घेणे बंद केले. विंडोज सेव्हनवर एज ऑफ एम्पायर्स टूचे हिरवे गवत जांभळट होई. तो गेम २५६ रंगांची एकच पेटी वापरतो आणि विंडोजचा एक्सप्लोरर त्याच पेटीत हात घालतो. टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद केला की गवत पुन्हा हिरवे. हा उपाय करून दाखवताना आम्हाला गावातल्या वैदूसारखा मान मिळाला आहे.

खरे पुनरुज्जीवन मात्र दुभाष्यांनी केले, आणि त्यांतले बहुतेक बिनपगारी. २००२मध्ये आलेल्या डॉसबॉक्सने सबंध डॉसचे मशीन, कार्डासकट, नव्या मशीनच्या पोटात उभे केले. एन-ग्लाइड आणि डीजी-व्हूडू हे ग्लाइडचे दुभाषी. डीजी-व्हूडू तर जुन्या डायरेक्ट-एक्सचेही भाषांतर करतो. यांची युक्ती सोपी आहे. गेम ग्लाइडची फाइल मागतो तेव्हा विंडोज ती आधी गेमच्याच फोल्डरमध्ये शोधते. तिथे त्याच नावाची, पण आत दुभाषी बसलेली फाइल ठेवायची. गेमला वाटते समोर व्हूडू आहे. प्रत्यक्षात त्याचे म्हणणे आजच्या कार्डाला कळेल अशा भाषेत पोहोचत असते. ज्या फाइलसाठी फ्लॉपी घेऊन धावाधाव झाली तीच ही फाइल, आणि आता कार्ड नसले तरी चालते. फक्त ती ज्याने लिहिली त्याच्याच ठिकाणाहून घ्यावी. नुसत्या डीएलएल वाटत बसणाऱ्या जागा विषाणूंचे आगर असतात.

घरात मराठी, ऑफिसात हिंदी, असे दिवसभर भाषांतर करत जगणाऱ्या आपल्यासारख्यांना या कामाची किंमत वेगळी सांगायला नको. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा वाइन हा प्रकल्प १९९३पासून सुरू आहे. व्हल्कन ही नवी सामाईक भाषा २०१६मध्ये आली, आणि फिलिप रेबोले या जर्मन तरुणाने ‘निअर ऑटोमाटा’ हा एक आवडता गेम लिनक्सवर चालावा म्हणून डायरेक्ट-थ्रीडीचे व्हल्कनमध्ये भाषांतर करणारा डीएक्सव्हीके लिहायला घेतला. ऑगस्ट २०१८मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने वाइन आणि डीएक्सव्हीके एकत्र करून प्रोटॉन काढले, आणि २०२२चे त्यांचे स्टीम डेक हे हातातले यंत्र त्यावरच उभे आहे. त्याच वर्षी इंटेलने आर्क कार्डे आणली आणि त्यांत डायरेक्ट-एक्स नाइनची थेट सोय न ठेवता ते काम मायक्रोसॉफ्टच्या दुभाष्याकडे सोपवले.

एका गोष्टीपुढे मात्र हे दुभाषीही हतबल आहेत. चोरीच्या नकला रोखण्यासाठी अनेक गेमच्या सीडींवर सेफडिस्क नावाचे कुलूप असे. ते उघडणारा ड्रायव्हर सुरक्षेला धोका आहे असे ठरवून मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये विंडोज टेनमधून वगळला. त्यामुळे पूर्ण किंमत मोजून घेतलेली, एकही ओरखडा नसलेली सीडी आज घातली तर गेम सुरू होत नाही. मार्कर पेनने नाव लिहिलेली, कुलूप तोडलेली फुटपाथवरची सीडी वाचता आली, तर तोच गेम डीजी-व्हूडूच्या मदतीने निमूटपणे चालू होतो.