फिर्याद, पंचनामा आणि चित्रफीत

छत्रपती संभाजीनगरातल्या शहागंजच्या चौकात मशीद आहे, निजामकाळातला घड्याळाचा मनोरा आहे, आणि राजाबाजार, सिटी चौक, चेलीपुऱ्याकडचे रस्ते इथे येऊन मिळतात. शहराचा व्यापार इथे चालतो, म्हणून शहराचा रागही अनेकदा इथेच बाहेर पडतो. अशा दिवशी नेमके काय घडले हे कागदावर आणण्याची रीत मात्र पिढ्यान्‌पिढ्या तीच राहिली. बंदोबस्तावरचा हवालदार सरकारतर्फे फिर्याद देतो. ‘गैरकायद्याची मंडळी जमवून दगडफेक केली व सरकारी कामात अडथळा आणला’ असा मजकूर येतो, दहा-बारा नावे येतात आणि शेवटी ‘इतर पन्नास ते साठ जण’. पंचनामा होतो. पुढे खटला उभा राहिला की फिर्याद देणाराच मुख्य साक्षीदार असतो. 1964 च्या मसलती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या गुन्ह्यात एकाहून अधिक साक्षीदारांचा मेळ पाहणे शहाणपणाचे मानले, पण हे साक्षीदार एकाच ठाण्याचे असतील तर तो मेळ कितपत स्वतंत्र? पोलिसांच्या जबाबाची ही मक्तेदारी दुकानांवरच्या आणि खिशातल्या कॅमेऱ्यांनी मोडली खरी, पण ती रस्त्यावर आणि विधिमंडळात मोडली. न्यायालयात ती अजून पुष्कळशी शाबूत आहे, आणि त्याचे कारण चित्रफितीच्या विश्वासार्हतेत नसून तिच्या ताब्यात आहे.

2018 साली औरंगाबादने (आताच्या छत्रपती संभाजीनगरने) हे दोनदा पाहिले. मार्चमध्ये कचरा टाकण्यास विरोध करणाऱ्या मिटमिट्याच्या रहिवाशांवर लाठीमार झाला. दगडफेक गावकऱ्यांनी केली, हे पोलिसांचे म्हणणे होते. मग चित्रफिती बाहेर आल्या. त्यांत वर्दीतली माणसेच दगड मारताना आणि मोडतोड करताना दिसली. त्यावर विधिमंडळात गदारोळ झाला आणि पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवण्याची घोषणा मुख्यमंत्र्यांना करावी लागली. दोनच महिन्यांनी, 11 मेच्या रात्री मोतीकारंजा भागात वाद पेटला आणि शहागंज, राजाबाजार, नवाबपुरा होरपळले. दुकाने जळाली, गाड्या जळाल्या, दोन जीव गेले. या वेळीही रहिवाशांच्या चित्रफितींत जाळपोळ करणाऱ्यांच्या सोबतीने पोलीस चालताना दिसले, आणि चौकशीची भाषा सुरू झाली. चित्रफीत नसती तर दोन्ही घटनांचा अधिकृत इतिहास फिर्यादीपुरताच उरला असता, हे मान्य करायला अवघड जाऊ नये.

पण बातमीत दिसलेली चित्रफीत आणि पुरावा म्हणून निशाणी पडलेली चित्रफीत यांत मोठे अंतर आहे. ते किती मोठे, हे शेजारच्या जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात दिसले. तो आंदोलनाचा नव्हता, तरी सरकारी नोंद आणि कॅमेरा यांचा सामना त्यातही होता. 2014 च्या विधानसभेसाठी अर्जुन खोतकरांचे उमेदवारी अर्ज वेळेत आले, असे निवडणूक अधिकाऱ्यांचे कागद सांगत होते. त्यांच्याच दालनातल्या कॅमेऱ्याच्या चित्रणात अर्ज मुदत उलटून, दुपारी तीननंतर आल्याचे दिसत होते. या निवडणुकीला आव्हान देणारे कैलास गोरंट्याल यांनी इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम 65-ब चे प्रमाणपत्र वारंवार मागितले आणि ते मिळाले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2017 मध्ये चित्रण ग्राह्य धरून निवडणूक रद्द केली. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र अनिवार्यच ठरवले, मात्र ज्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळे केले आणि तरी ते हाती आले नाही, त्याला त्या अडवणुकीची शिक्षा देता येणार नाही, असेही सांगितले. गोरंट्याल यांच्यामागे वकील होते, पक्ष होता. कचऱ्याविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या मजुराकडे यातले काय असते?

इथे आक्षेप घेतला जातो की चित्रफीत अर्धवट असते. दगड येऊन पडल्यानंतरचा लाठीमार दिसतो, आधीचा दगड दिसत नाही. आक्षेप रास्त आहे, आणि मेच्या त्या दंगलीत सहायक पोलीस आयुक्तही गंभीर जखमी झाले होते, हे विसरून चालणार नाही. शिवाय कॅमेऱ्याला सरकारच्या बाजूनेही खोटे बोलायला लावता येते. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा जण मेले, तेव्हा टँकर पेटण्याचा धोका होता असा बचाव झाला आणि जळत्या टँकरची चित्रफीत पुढे आली. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला, तर आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटाने त्या चित्रफितीचीच उलटतपासणी केली. मला यातून दिसते ते असे की अर्धवट चित्रणाला उत्तर म्हणजे आणखी चित्रण: दुसऱ्या कोनातले, आधीच्या दहा मिनिटांचे. संशय आहे म्हणून सगळेच बाजूला सारले, तर उरतो तो फक्त जबाब, आणि तोही अर्धवटच असतो.

हे आणखी चित्रण आहे कुणाजवळ, हा खरा प्रश्न. दंगल झाली की पोलीस दुकानांचे डीव्हीआर उचलून नेतात. चौकाचौकांतले स्मार्ट सिटीचे कॅमेरे पोलीस आयुक्तालयातून पाहिले जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या गोपालकृष्णन निकालानुसार, सरकार पक्षाने ज्या मेमरी कार्डावर भिस्त ठेवली, त्याची प्रत आरोपीला सहसा मिळायलाच हवी. पण ज्यावर भिस्त ठेवली नाही, जे त्यांच्या जबाबाला छेद देते, त्याचे काय? देबेंद्रनाथ पाधी निकालाने (2004) आरोप निश्चितीच्या टप्प्यावर आरोपीला अशी वस्तू मागवण्यास सहसा मनाई केली. बचावाची पाळी येते तोवर वर्षे उलटतात, आणि बहुतेक यंत्रांत जुने चित्रण काही आठवड्यांतच नव्याखाली पुसले जाते. डिसेंबर 2020 मध्ये परमवीरसिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यांतले चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष जपण्याचा आदेश दिला. तो आदेश चौकातल्या कॅमेऱ्यांना लागू नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती-जप्तीचे चित्रण सक्तीचे केले. बंदोबस्त आणि लाठीमार त्यात नाहीत. असे चित्रण जपण्याचा नियम होत नाही तोवर शहागंजात अटक झालेल्याच्या वकिलाने पहिल्या रिमांडच्याच दिवशी, चौकातल्या आणि आसपासच्या कॅमेऱ्यांचे त्या तासांचे चित्रण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज द्यावा आणि त्यावर पोच घ्यावी.