बुलढाण्यात मदतनिधीसाठी लोकगीतांची रात्र आहे? तिकिटापासून परतीपर्यंत वीकेंड असा आखा

व्हॉट्सअॅपवर एक पोस्टर येतं. वर कलाकारांचे फोटो, खाली ‘शेतकरी कुटुंबांच्या मदतीसाठी’ अशी ओळ आणि कोपऱ्यात क्यूआर कोड. कार्यक्रम बुलढाण्यात, शनिवारी संध्याकाळी. तुम्ही पुण्यात, संभाजीनगरात किंवा नागपुरात आहात. जावंसं वाटतं, पण दोन प्रश्न पडतात. आपले पैसे खरंच त्या घरापर्यंत पोहोचतील का? आणि एवढं लांब जायचंच, तर रविवारी काय बघायचं?

दोन्हींची उत्तरं क्रमाने पाहूया.

गाण्यातून मदत: ही कल्पना कुठून आली?

कंट्री संगीत म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यातलं गाणं. तिथे १९८०च्या दशकात कर्जामुळे हजारो शेतकऱ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या. तेव्हा गायक विली नेल्सन, जॉन मेलनकॅम्प आणि नील यंग यांनी २२ सप्टेंबर १९८५ रोजी इलिनॉय राज्यातल्या शॅम्पेन इथे ‘फार्म एड’ हा कार्यक्रम केला. पुढे त्याची संस्था झाली. आता तो वेगवेगळ्या शहरांत होतो आणि लोक त्यासाठी दोन-तीन दिवसांची सहल आखून येतात. अडचणीतल्या शेतकऱ्यांसाठी ही संस्था हेल्पलाइनही चालवते.

आपल्याकडे हे नवीन नाही. विदर्भातल्या गाडगे महाराजांनी (१८७६-१९५६) कीर्तनातून लोकांना दानासाठी उभं केलं आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी गावंच्या गावं श्रमदानाला लावली. गाणं ऐकायला जमलेल्या माणसाकडून मदत मागायची, ही रीत इथल्या मातीतलीच आहे.

बुलढाण्यात याला एवढं महत्त्व का?

कापूस आणि सोयाबीन ही जिल्ह्याची मुख्य पिकं. दोन्ही बहुतांशी पावसावर आणि बाजारभावावर अवलंबून. २००६ साली केंद्राने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केलं, त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा यांच्यासोबत बुलढाणाही होता.

आत्महत्येनंतरची सरकारी मदत चौकशीत ‘पात्र’ ठरलेल्या प्रकरणातच मिळते. ‘अपात्र’ असा शेरा बसला, की त्या घराला ती मिळत नाही. मुलांची फी, किराणा, पुढच्या हंगामाचं बियाणं हे खर्च मात्र थांबत नाहीत. लोकवर्गणी इथे कामाला येते. म्हणून तो पैसा मध्येच कुठे मुरला, तर नुकसान थेट त्या घराचं होतं.

तिकीट काढण्याआधी काय तपासायचं?

दहा मिनिटांचं काम आहे. आयोजकांना फोन किंवा मेसेज करून हे विचारा:

• नोंदणी: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली ट्रस्ट नोंदलेला आहे का? असेल तर नोंदणी क्रमांक द्यायला अडचण नसावी. नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी गोळा करायची असेल, तर धर्मादाय कार्यालयाकडे कलम ४१-क नुसार जावं लागतं. गणेश मंडळं घेतात तीच ही परवानगी.

• खातं: क्यूआर स्कॅन केल्यावर संस्थेचं नाव दिसतं की एखाद्या व्यक्तीचं? व्यक्तीचं दिसलं तर पैसे पाठवण्याआधी खुलासा मागा.

• खर्च: तिकिटाच्या पैशातून मंडप, साउंड आणि मानधन जाऊन किती रक्कम मदतीला उरेल? स्पष्ट आकडा देणाऱ्या आयोजकावर विश्वास ठेवणं सोपं जातं.

• मदत कोणाला: घरं कशी निवडली, आणि मदत रोख देणार की फी, बियाणं अशा रूपात?

• कलाकार: स्थानिक गोंधळी, भारूडकार, शाहीर यांना मानधन मिळणार का? त्यांच्यातले अनेकजण स्वतः शेतमजूर किंवा लहान शेतकरी असतात. एकाला मदत करताना दुसऱ्याला फुकट राबवणं बरोबर नाही.

करसवलतीबद्दल एक गैरसमज असतो. कार्यक्रमाचं तिकीट आणि देणगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत पात्र संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही आणि नव्या करप्रणालीतही नाही. त्यामुळे जास्तीची मदत करायची असेल तर ती ऑनलाइन करा आणि देणगीची वेगळी पावती घ्या.

पोहोचायचं कसं?

बुलढाणा शहरात रेल्वे स्टेशन नाही. मुंबई-नागपूर मार्गावरचं मलकापूर हे जवळचं स्टेशन. तिथून सुमारे ४५ किलोमीटर, राजूर घाट चढून तास-सव्वा तासात बुलढाणा येतं. शेगाव स्टेशनही याच मार्गावर आहे. एसटी जिल्ह्यातल्या सगळ्या मोठ्या गावांतून मिळते, फक्त शेवटच्या गाडीची वेळ आधी विचारून ठेवा.

स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांसाठी समृद्धी महामार्ग आहे. तो जिल्ह्याच्या दक्षिण भागातून, मेहकर आणि सिंदखेड राजा परिसरातून जातो.

शनिवार: रात्री दहाची वेळ धरून चला

उघड्यावरच्या कार्यक्रमात लाउडस्पीकर रात्री १० वाजता बंद करावा लागतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार राज्य सरकार वर्षातले मोजकेच दिवस ही मुदत १२ पर्यंत वाढवू शकतं. म्हणजे पोस्टरवर सहाची वेळ असेल तर ‘गाणी उशिराच सुरू होतात’ म्हणून आठला जाऊ नका, अर्धा कार्यक्रम हुकेल.

दुपारी दोन-तीनपर्यंत शहरात पोहोचा, सामान ठेवा, थोडं झोपा. जेवण कार्यक्रमाआधी उरका, कारण दहानंतर लहान शहरात खानावळी बंद होऊ लागतात. मैदानावर बचत गटाचा स्टॉल असेल तर तिथेच भाकरी, ठेचा, झुणका खा. तोही पैसा गावातच राहतो. शहर घाटमाथ्यावर आहे, हिवाळ्यात रात्री गारठा असतो. शाल किंवा स्वेटर जवळ ठेवा.

कार्यक्रम संपल्यावर लगेच परत निघायचा मोह होतो. तो टाळा. १ जुलै २०२३च्या पहाटे समृद्धीवर सिंदखेड राजाजवळ खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी गेले. दिवसभर फिरून, रात्री जागून केलेलं ड्रायव्हिंग धोक्याचं असतं. खामगावकडे जाणारा बोथ्याचा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. तिथे बिबटे आणि अस्वलं आहेत. टिपेश्वरहून निघून हजारो किलोमीटर चाललेला प्रसिद्ध वाघही २०१९मध्ये इथेच येऊन थांबला होता. हा रस्ता दिवसाउजेडी पार करा. मुक्काम शहरातच ठेवा आणि खोली तिकिटासोबतच बुक करा.

रविवार: एकच दिशा निवडा

जिल्हा मोठा आहे. एका दिवसात सगळं बघायला गेलात तर दिवस गाडीतच जाईल. परतीच्या वाटेवरचं एक ठिकाण निवडा.

• लोणार (समृद्धीने परतणाऱ्यांसाठी): उल्कापातामुळे बेसॉल्ट खडकात तयार झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आणि त्यातलं खारं सरोवर. जून २०२०मध्ये पाणी गुलाबी झालं होतं, क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी ते रामसर पाणथळ ठरलं. गावातलं दैत्यसूदन मंदिर चुकवू नका. बुलढाण्याहून दोन-अडीच तास धरा.

वाटेत मेहकर लागतं. इथे वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे (१९०९-२०००) यांची ‘शीळ’ ही कविता गायक जी. एन. जोशी यांच्या आवाजात घराघरांत पोहोचली. मराठी भावगीताच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांत तिची गणना होते. गाण्यासाठी केलेल्या सहलीत हा थांबा हवाच.

• शेगाव (रेल्वेने परतणाऱ्यांसाठी): गजानन महाराजांचं समाधी मंदिर. सकाळी लवकर निघा, रविवारी दर्शनाची रांग मोठी असते. गाडीच्या वेळेआधी दोन तास मोकळे ठेवा. कचोरी खायलाही वेळ लागतो!

• सिंदखेड राजा (जालना, संभाजीनगरकडे जाणाऱ्यांसाठी): जिजाऊंचं जन्मस्थान आणि लखुजी जाधवांचा वाडा. १२ जानेवारीला जन्मोत्सवाची प्रचंड गर्दी असते, त्या आठवड्यात मुक्कामाची सोय फार आधी करावी लागते.

घरी आल्यावर एक काम राहतं

तारीख लिहून ठेवा आणि महिन्याभराने आयोजकांना एक मेसेज करा: किती जमा झाले, खर्च किती, मदत किती घरांना गेली? ज्या घरांना मदत मिळाली त्यांचे फोटो मात्र मागू नका. दुःखातल्या माणसाला चेक हातात धरून कॅमेऱ्यासमोर उभं करणं हा हिशेब नव्हे. आकडे आणि पावत्या पुरेशा असतात.

हिशेब मिळाला तर तो शेअर करा. पुढच्या वर्षी तेच पोस्टर आलं की तुमच्या ग्रुपमधले आणखी चारजण निर्धास्तपणे तिकीट काढतील.