प्रकाशीय ध्वनितबकडी

ध्वनीचे अंकीय संकेतांत रूपांतर करून ते संकेत जिच्यावर सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने उमटविलेले असतात आणि लेसर किरणाने ज्यांचे वाचन करता येते, अशी प्लॅस्टिकची चकती. व्यवहारात ती ‘कॉम्पॅक्ट डिस्क’ किंवा ‘सीडी’ या नावानेच परिचित आहे. फिलिप्स (नेदर्लंड्‌स) व सोनी (जपान) या कंपन्यांनी १९८० मध्ये तिचे प्रमाण संयुक्तपणे निश्चित केले आणि १९८२ मध्ये ती बाजारात आली. घरी बसून मूळ गायनवादनाशी शक्य तितके तद्रूप असे श्रवण घडविणारी साधने तिच्यामुळे पूर्णत्वाला गेली, असे पाश्चात्त्य देशांतील इतिहासलेखक मानतात. महाराष्ट्रात मात्र तिचे कार्य काहीसे निराळे झाले. नव्या संगीतापेक्षा जुन्या ध्वनिमुद्रणांचे दुसरे घर म्हणून ती येथे अधिक महत्त्वाची ठरली. त्या घराची मजबुती कितपत, हा प्रश्न आता उपस्थित झाला आहे.

पूर्वपीठिका : भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा प्रारंभ १९०२ मध्ये कलकत्ता येथे फ्रेड गैसबर्ग यांनी केला. १९०८ मध्ये कलकत्त्यास कारखाना निघेपर्यंत येथील ध्वनिमुद्रिका जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होऊन येत. तेथील कामगारांना गायकाची ओळख पटावी, म्हणून गाणे संपताच गायक स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारीत असे. लाखेच्या २५ सेंमी. व्यासाच्या मुद्रिकेच्या एका बाजूस सु. ३ मिनिटे मिळत. तासभर विस्तारणारा ख्याल एवढ्या अवकाशात बसविणे हे एक वेगळेच कौशल्य होते. अब्दुल करीम खाँ व बालगंधर्व यांनी ते साधले. अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) व भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांची एकही व्यापारी ध्वनिमुद्रिका निघाली नाही. त्यामुळे त्यांची गायकी आज केवळ शिष्यांच्या गळ्यांतून व आठवणींतून अनुमानावी लागते. अल्लादिया खाँ यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या भैरवीचा मात्र व्हॉयेजर या अंतराळयानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीत १९७७ मध्ये समावेश झाला. ती तबकडी खाचांची, सुईने वाजणारी आहे. आणखी पाच वर्षांनी लेसरची तबकडी बाजारात आली.

१९४८ मध्ये अमेरिकेत निघालेल्या दीर्घवादी मुद्रिकेने (एलपी) बाजूगणिक वीस मिनिटांहून अधिक काळ दिला आणि रागाचा विस्तार प्रथमच घरात ऐकू येऊ लागला. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटने पुढील वीस वर्षांत भारतातील बाजारपेठ जिंकली, ती मुख्यतः स्वस्ताईच्या बळावर. फितीची खरखर हा तिचा अंगभूत दोष होता.

रचना व कार्य : तबकडीचा व्यास १२ सेंमी. व जाडी १·२ मिमी. असते. पारदर्शक पॉलिकार्बोनेटाच्या चकतीवर सर्पिल मार्गाने खळगे उमटवून त्यांवर ॲल्युमिनियमाचा पातळ थर व त्यावर लाखेसारखा संरक्षक लेप देतात. सर्पिलाच्या लगतच्या दोन वेढ्यांतील अंतर १·६ मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर म्हणजे मीटरचा दशलक्षांश भाग) असून संपूर्ण मार्ग उलगडल्यास त्याची लांबी ५ किमी.हून अधिक भरेल. वाचन आतून बाहेर होते. म्हणून परिभ्रमणवेग मिनिटास सु. ५०० फेऱ्यांपासून सु. २०० पर्यंत उतरत जातो. लेसर प्रारणाची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर असते. खळग्याची खोली प्लॅस्टिकमधील तरंगलांबीच्या सु. चतुर्थांशाइतकी ठेवलेली असल्याने खळग्यावरून व सपाट भागावरून परतणारे किरण एकमेकांचा ऱ्हास करतात आणि प्रकाशाच्या या चढउतारांतून संकेत मिळतात.

ध्वनीचे नमुने सेकंदास ४४,१०० वेळा घेतले जातात. ही संख्या विचित्र वाटते. परंतु सुरुवातीस अंकीय ध्वनी चित्रफितीवर साठवीत असत व तिच्यावर सेकंदास ६० क्षेत्रे, प्रत्येकात २४५ उपयुक्त रेषा व रेषेत ३ नमुने बसत. त्यांच्या गुणाकारातून ती आली. प्रत्येक नमुना १६ अंकांचा असल्याने अत्यंत मंद व अत्यंत मोठा यांतील सु. ९६ डेसिबेलचा पल्ला मिळतो. सुमारे अडीच मिमी. लांबीपर्यंतचा ओरखडा यंत्रणा आपल्या त्रुटिनिवारक संकेतांच्या आधारे संपूर्णपणे भरून काढते. सुई नसल्याने झीज होत नाही. यामुळे तबकडी ‘चिरंतन’ असल्याची जाहिरात सुरुवातीस झाली. ती अतिशयोक्ती होती.

महाराष्ट्रातील प्रसार : १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात भारतीय संगीताच्या तबकड्या प्रथम परदेशांत दाबून घेतल्या जात. वादक, विवर्धक व ध्वनिक्षेपकांची जोडी एवढा संच मध्यमवर्गीयाच्या आवाक्याबाहेरचा होता. आयात कर जबर असल्याने आखाती देशांतून परतणाऱ्या आप्तांकडूनच तो बहुधा येई. मुंबईतील लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळवून स्वतः विवर्धक जुळविणाऱ्या हौशी मंडळींचा वर्ग मात्र आधीपासून होता. १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणांनी किमती उतरल्या. नाट्यपदे, भावगीते व अभंग तबकड्यांवर येऊ लागले. पुणे आकाशवाणीवरून १९५५–५६ मध्ये दर आठवड्यास प्रसारित झालेले ५६ गीतांचे ‘गीतरामायण’ संचरूपाने उपलब्ध झाले. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या संस्थांनी ध्वनिफितींबरोबरच तबकड्याही काढल्या.

शहरांबाहेर चित्र वेगळे होते. मराठवाड्यातील परळी वैजनाथ हे याचे बोलके उदाहरण होय. तेथील औष्णिक विद्युत् केंद्राचे ३० मेगॅवॉटचे पहिले संच १९७१ मध्ये सुरू झाले. परंतु विजेच्या उत्पादनस्थळीही घरोघरी उत्तम श्रवणयंत्रणा येण्यास विजेहून अधिक काही, म्हणजे पैसा, हवा असतो. परळी, तुळजापूर, पंढरपूर अशा तीर्थक्षेत्री भक्तिगीते प्रथम कॅसेटमधून व पुढे व्हीसीडीमधून पसरली. १९९३ मध्ये प्रमाणित झालेली व्हीसीडी ही याच मापाची, सु. ७४ मिनिटे चित्र व ध्वनी साठविणारी तबकडी. ती दूरचित्रवाणी संचाला स्वस्त वादक जोडून चालत असे. औरंगाबादजवळील (आता छत्रपती संभाजीनगर) चितेगाव येथील व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे हे संच या भागास परके नव्हते. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते, लोकगीते व तमाशाची दृश्ये या मार्गाने घराघरांत गेली. त्यानंतर एमपी३ पद्धतीने एकाच तबकडीवर सु. १२ तासांचे संगीत मावू लागले आणि शंभराहून अधिक गाण्यांचा संग्रह अल्प किमतीत मिळू लागला. उच्च तद्रूपतेचा टप्पा बहुसंख्य श्रोत्यांनी ओलांडलाच नाही, तो वगळला, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होईल. नाकारलेली गोष्ट व परवडली नाही अशी गोष्ट यांत फरक करावयास हवा.

जुन्या मुद्रणांचे पुनर्प्रकाशन : प्रकाशीय तबकडीचे मराठी संगीतावर सर्वांत मोठे ऋण येथे आहे, तक्रारीची जागाही हीच. लाखेच्या मुद्रिका मिनिटास ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जात असल्या, तरी प्रारंभीच्या कित्येक मुद्रणांचा वेग त्याहून कमी-अधिक होता. वेगात सु. ६ टक्के फरक पडला, तर सूर अर्ध्या स्वराने सरकतो. काळी दोनमध्ये गाणारा गायक पांढरी तीनमध्ये गात असल्याचा भास होतो आणि त्याची लयही बदलते. वेग न तपासता उतरविलेले गाणे हे पुढील विद्यार्थ्यास अंकीय अचूकतेने चुकीचे शिकविते. खरखर काढण्याचा अतिरेक हा दुसरा दोष होय. तिच्याबरोबर तंबोऱ्याचे वरचे स्वरांश व गायकाचा श्वासही निघून जातो. अखेरीस गायकाने उच्चारलेले नाव अनावश्यक समजून कापणे म्हणजे तर पुरावाच नष्ट करणे होय. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने मूळ मुद्रिकांच्या नोंदी, सूच्या व श्रवणसत्रे यांद्वारे या बाबतीत मोलाचे कार्य केले.

टिकाऊपणा : कारखान्यात दाबलेली तबकडी योग्य रीतीने ठेवल्यास दीर्घकाळ टिकते, मात्र संरक्षक लेपास तडा गेल्यास ॲल्युमिनियमाचे ऑक्सिडीकरण होते. घरी लिहिता येणाऱ्या तबकडीत (सीडी-आर) खळगे नसतात. रंजकद्रव्याच्या थरावर लेसरने खुणा केलेल्या असतात. हा थर ऊन, उष्णता व दमटपणा यांनी विघटित होतो. ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणारा मराठवाड्यातील उन्हाळा आणि कोकणातील पावसाळा हे दोन्ही त्याला प्रतिकूल आहेत. १९९५ नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत खासगी मैफलींच्या स्पूल फिती अशाच तबकड्यांवर उतरविण्याचा प्रघात पडला. मूळ फिती टाकून दिलेल्या घरांत आता एकमेव प्रत याच थरावर विसंबून आहे; आणि नव्या संगणकांत तबकडी वाचण्याची सोयही बहुधा नसते. अशा संग्रहांची आधी छाननी व्हावयास हवी. दोहोंतील भेद उघड्या डोळ्यांनी कळू शकतो : दाबलेली तबकडी खालच्या बाजूने रुपेरी दिसते, तर लिहिलेली बहुधा हिरवट किंवा निळसर.