संताच्या शवपेटीत ठेवलेला राजदंड

बाहेर फलकावर विषय लिहिलाय, ‘ख्रिस्ती धर्म आणि मंत्रतंत्र’. आत येताना दोघांतिघांनी विचारलं की हा विषय गोव्याचा, फार तर युरोपचा. आपल्याकडे संभाजीनगरात कशाला? तर ज्या प्रसंगाबद्दल मी बोलणार आहे, त्यात एका बाजूला आपल्या शहराला ज्यांचं नाव आहे ते संभाजी महाराज आहेत. दुसऱ्या बाजूला गोव्याचा पोर्तुगीज विजरई आहे. आणि त्या दोघांच्या झुंजीत शेवटी जी तिसरी फौज येऊन उतरली, ती याच शहरातून निघालेली होती.

साल १६८३. औरंगजेब आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये इथे येऊन बसलेला. त्याचा शहजादा शहाआलम पावसाळा संपता संपता इथून दक्षिण कोकणच्या मोहिमेवर निघाला. गोव्यात विजरई होता फ्रान्सिस्कु द ताव्होरा, आल्व्होरचा काउंट. त्याने मराठ्यांच्या ताब्यातल्या फोंड्याच्या किल्ल्यावर चाल केली. किल्ला पडला नाही, उलट महाराज स्वतः धावून आले आणि विजरईला पळता भुई थोडी झाली. मग २४ नोव्हेंबरच्या रात्री ओहोटीची वेळ साधून मराठे जुवे बेटावर उतरले आणि तिथला किल्ला त्यांनी घेतला. हे बेट गोवा शहराच्या, म्हणजे आज आपण ज्याला जुने गोवे म्हणतो त्याच्या, अगदी जवळ. दुसऱ्या दिवशी विजरई ते परत घ्यायला गेला आणि मार खाऊन, जखमी होऊन परतला. शहर आता वाचत नाही अशी वेळ आली.

तेव्हा या माणसाने काय करावं? तो बॉम जीझसच्या चर्चमध्ये गेला. तिथे संत फ्रान्सिस झेवियरचा देह चांदीच्या पेटीत ठेवलेला होता. झेवियर वारला १६५२ला नव्हे, त्याच्याही शंभर वर्षं आधी, १५५२ला, चीनच्या किनाऱ्यावर. देह गोव्यात आणला १५५४ला. विजरईने ती पेटी उघडवली. अधिकाराचा दंड, राजाने दिलेली नेमणुकीची सनद आणि स्वतःच्या सहीचा एक कागद असं सगळं संताजवळ ठेवलं. कागदाचा आशय एवढाच की हे राज्य आता तुमच्या हवाली. आमच्याने राखवत नाही, तुम्ही राखा.

आता या प्रसंगातली नावं क्षणभर पुसून टाका आणि नुसती कृती बघा. रात्र वैऱ्याची आहे, एक सत्ताधारी माणूस एका मृत साधूच्या देहापाशी जातो, सत्तेची खूण त्या देहाजवळ ठेवतो, चिठ्ठी लिहून ठेवतो आणि शत्रू मागे हटावा अशी अपेक्षा धरतो. हेच एखाद्या गावच्या पाटलाने एखाद्या समाधीवर केलं असतं, तर त्याच विजरईच्या राज्यात त्याला काय नाव मिळालं असतं? पोर्तुगीज शब्द आहे ‘फेइतिसारीया’. म्हणजे जादूटोणा, चेटूक.

आणि हे नाव मिळणं साधी गोष्ट नव्हती. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झालं. ते मध्ये थोडा काळ सोडला तर १८१२पर्यंत चाललं. त्याची मागणी राजाकडे ज्यांनी केली, त्यांत खुद्द झेवियर होता, १५४६च्या पत्रात. नवख्रिस्ती लोकांवर आरोप मुख्यतः कसले? जुन्या देवाला लपून पुजल्याचे, आणि त्याच्या जोडीला चेटूक केल्याचे. १७३६चा जाहीरनामा तर लग्नातल्या हळदीपर्यंत आणि दारातल्या तुळशीपर्यंत पोचला. म्हणजे ज्या बाईने पोराची मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली ती संशयित, आणि ज्याने मृत देहाजवळ राजदंड ठेवला तो धर्मनिष्ठ.

इथे आपण ‘ढोंगी होते झालं’ म्हणून मोकळे होऊ शकतो. मला ते पुरेसं वाटत नाही. चर्चच्या पंडितांकडे या प्रश्नाला तयार उत्तर होतं, आणि ते समजून घेतलं पाहिजे. ते म्हणणार की प्रार्थना विनंती करते, मंत्र सक्ती करतो. संत स्वतः काही करत नाही, तो देवाजवळ रदबदली करतो. द्यायचं की नाही हे देवाच्या मर्जीवर. मांत्रिक मात्र ठरावीक शब्द, ठरावीक वस्तू वापरून परिणाम घडवू बघतो, आणि तो घडलाच तर सैतानाच्या मदतीने घडतो.

नीट ऐका, ‘घडलाच तर’. धर्मन्यायालयाचा आक्षेप जादू खोटी आहे असा नव्हता. आपण आज अंधश्रद्धा म्हणतो तेव्हा ते काम करत नाही, लोकांची फसवणूक होते, असं म्हणतो. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा त्या विचारातून आलाय. सतराव्या शतकातला पाद्री असं म्हणत नव्हता. भूत आहे, ते माणसाला धरतं, ते उतरवता येतं, यावर पाद्री आणि गावचा देवऋषी यांचं एकमत होतं. भांडण होतं ते उतरवण्याचा अधिकार कोणाचा यावर. म्हणून ताईत काढून घेताना पाद्री गळा मोकळा ठेवत नव्हता. तिथे क्रूस येत होता, जपमाळ येत होती, मंतरलेल्या पाण्याऐवजी आशीर्वादित पाणी येत होतं.

बरं, विनंती आणि सक्ती ही रेघ कागदावर सरळ दिसते, माणसांच्या हातात ती राहत नाही. पोर्तुगालमध्येच लोक संत अँथनीची मूर्ती नवस फळेपर्यंत विहिरीत उलटी टांगत. ही विनंती का? सक्तीच की ती. त्याच संताला १६६८मध्ये लागुश गावच्या पलटणीत शिपाई म्हणून भरती केलं, पगारासकट. आणि १६४६ साली राजा चौथा जॉन याने आपला मुकुट मारिया मातेला वाहिला. त्यानंतर पोर्तुगालचे राजे मुकुट डोक्यावर घालीनासे झाले. तेव्हा आपल्या विजरईला ही कल्पना आयत्या वेळी सुचली नव्हती. त्याच्या घराण्याची, दरबाराची ती रीत होती. आपल्याकडेही ती अनोळखी नाही. त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्याने १७५०मध्ये सगळं राज्य पद्मनाभस्वामीला अर्पण केलं आणि स्वतः ‘पद्मनाभदास’ झाला. उदयपूरचे महाराणे स्वतःला एकलिंगजीचे दिवाण म्हणवत.

या धामधुमीत दोन माणसं आहेत, त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. पहिला निकोलाव मनुची, व्हेनिसचा. शहाआलमच्या पदरी वैद्य म्हणून हा आपल्या शहरात राहून गेलेला, मग गोव्याला निसटला, आणि विजरईने त्याला वकील म्हणून वापरलं. लाहोरला वैद्यकी करताना आपली भुतं काढणारा म्हणून ख्याती झाली होती, असं तो स्वतःच लिहितो. घाणेरडी धुरी, ओकारीचं औषध, दमदाटी, अशा युक्त्यांनी तो ‘भूत’ पळवायचा आणि वर हसायचा. पण हाच चतुर गृहस्थ पुढे या देशातल्या जादूबद्दल लिहितो तेव्हा चोरून खाल्लेला कोंबडा खाणाऱ्याच्या पोटात आरवला, हे गंभीरपणे सांगतो! स्वतःची जादू म्हणजे युक्ती, दुसऱ्याची मात्र खरी.

दुसरा माणूस महाराजांच्या बाजूचा, कवी कलश. पोर्तुगीजांशी तहाची बोलणी पुढे याच्यामार्फत झाली. आणि त्याच्यावर आरोप कोणता? मांत्रिक आहे, शाक्त आहे, महाराजांवर त्याने मोहिनी घातली. चिटणिसांच्या बखरीने हे चित्र पक्कं केलं. ती बखर घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली, आणि बखरकाराचा पूर्वज बाळाजी आवजी याला संभाजी महाराजांनी देहदंड दिलेला. म्हणजे लेखणी कुठून चालते हे कळतं. वा. सी. बेंद्रे यांचं चरित्र १९६० साली आलं तेव्हा कुठे या आरोपांची कागदांवरून झाडाझडती झाली. गोव्यातल्या त्या दृष्ट काढणाऱ्या बाईला असा बेंद्रे मिळाला नाही. धर्मन्यायालयाच्या दप्तराचा बहुतेक भाग नष्ट झाला. १६२३पर्यंतच्या खटल्यांची एक जंत्री तेवढी उरली आहे. बाईच्या बाजूने एक ओळ नाही. पण गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत ‘दिश्ट’ आजही काढतात, मीठ-मिरच्यांनीच, आणि तोंडाने ख्रिस्ती प्रार्थना म्हणत.

पुढे काय झालं ते सांगून थांबतो. मराठ्यांनी डिसेंबरात साष्टी आणि बारदेश तुडवले, पण गोवा शहर घेतलं नाही. कारण शहाआलमची फौज घाटावरून खाली येत होती, आणि महाराज रायगडाकडे वळले. शहाआलमचंही भलं झालं नाही. उपासमारीने आणि रोगराईने गांजलेली ती फौज रामघाट चढून कशीबशी परतली. इतिहासकार इथे घाट, रसद आणि मोगल मोजतात. गोव्याने मात्र हिशोब वेगळा केला. त्या शहरात झेवियर ‘गोंयचो सायब’ झाला, आणि पुढच्या काळात नवा विजरई किंवा गव्हर्नर आला की तो आधी बॉम जीझसला जाई आणि अधिकाराचा दंड संताच्या पेटीपाशी हाती घेई.