न्याहारी आणि रक्तशर्करा (जव्हार–मोखाडा परिसर)

सकाळच्या पहिल्या आहारानंतर रक्तातील ग्लुकोज एकदम न चढता हळूहळू वाढावे, फार उंच न जाता पुन्हा मूळ पातळीवर यावे आणि दुपारच्या जेवणापर्यंत गळून गेल्यासारखे वाटू नये, अशा रीतीने केलेली अन्नपदार्थांची निवड म्हणजे रक्तशर्करा स्थिर राखणारी न्याहारी होय. पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ पूर्व भागातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांत या विषयाला दोन बाजू आहेत. येथील नागली, वरई, उडीद, रानभाज्या आणि सुकी मासळी यांतून अशी न्याहारी घरच्या घरी जुळते. मात्र हाच परिसर कुपोषणासाठीही ओळखला जात असल्याने शहरी मधुमेहींना दिला जाणारा ‘कमी खा’ हा सल्ला येथे सरसकट लागू पडत नाही. येथे प्रश्न मुख्यतः अन्नाच्या प्रमाणाचा नसून त्याच्या जोडणीचा आणि शिजवण्याच्या पद्धतीचा आहे.

शरीरातील प्रक्रिया

धान्यातील पिष्टाचे म्हणजे स्टार्चचे पचनमार्गात ग्लुकोजमध्ये रूपांतर होते आणि ते रक्तात शोषले जाते. त्याला प्रतिसाद म्हणून स्वादुपिंडातून इन्शुलिन हे संप्रेरक स्रवते व त्याच्या साहाय्याने स्नायू आणि चरबीच्या पेशी ग्लुकोज आत घेतात. पहाटे कॉर्टिसॉल, वृद्धिसंप्रेरक इत्यादींची पातळी वाढल्याने यकृत अधिक ग्लुकोज रक्तात सोडते व इन्शुलिनचा प्रभावही काहीसा मंदावतो. त्यामुळे अनेक मधुमेहींमध्ये सकाळी खाल्लेल्या कर्बोदकांमुळे साखर तेवढ्याच कर्बोदकांच्या दुपारच्या जेवणापेक्षा अधिक चढलेली आढळते.

उपाशीपोटी रक्तशर्करा १०० मिग्रॅ. प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असणे सामान्य मानले जाते, १०० ते १२५ ही मधुमेहपूर्व अवस्था समजतात, तर १२६ किंवा त्याहून अधिक पातळी पुन्हा केलेल्या चाचणीतही आढळल्यास मधुमेहाचे निदान केले जाते. (जागतिक आरोग्य संघटना मधुमेहपूर्व अवस्थेची खालची मर्यादा ११० धरते.) उपचार घेणाऱ्या बहुतेक प्रौढांसाठी जेवणानंतरची पातळी १८० च्या आत राखणे हे उद्दिष्ट असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील मधुमेहींची संख्या १०.१ कोटी, तर मधुमेहपूर्व अवस्थेतील व्यक्तींची संख्या १३.६ कोटी अंदाजण्यात आली.

एखाद्या पदार्थातील कर्बोदकांमुळे साखर किती वेगाने चढते हे दर्शविणारे ‘ग्लायसेमिक निर्देशांक’ हे माप डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोरांटो येथे १९८१ मध्ये मांडले. शुद्ध ग्लुकोजचा निर्देशांक १०० धरून ५५ पर्यंतचा निर्देशांक कमी व ७० किंवा त्यापुढील जास्त मानतात. निर्देशांकाला एका वेळच्या खाण्यातील कर्बोदकांच्या ग्रॅममधील वजनाने गुणून १०० ने भागले असता ‘ग्लायसेमिक भार’ मिळतो. त्यात पदार्थाचे प्रमाणही धरलेले असल्याने रोजच्या खाण्यासाठी तो अधिक उपयोगी पडतो.

परिसरातील धान्ये

जव्हार–मोखाड्यात वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी इत्यादी आदिवासी समाजांची वस्ती आहे. खाचरांत भात आणि उताराच्या वरकस जमिनीत नागली, वरई, उडीद व खुरासणी ही येथील मुख्य खरीप पिके होत. नाचणीला या भागात नागली म्हणतात. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक कोष्टकांनुसार १०० ग्रॅम नागलीत सुमारे ६७ ग्रॅम कर्बोदके, ११ ग्रॅम आहारीय तंतू, ७ ग्रॅम प्रथिने आणि ३६४ मिग्रॅ. कॅल्शियम असते, पांढऱ्या सडीक तांदळात कर्बोदके ७८ ग्रॅम असून तंतू ३ ग्रॅमपेक्षाही कमी असतात. नागलीचा दाणा इतका बारीक असतो की त्याचे साल सहसा वेगळे काढले जात नाही आणि दाणा सालासकट दळला जातो. त्यामुळे सालातील तंतू पिठात उतरतात, तसेच पिष्ट फोडणाऱ्या विकरांना काही अंशी अडवणारे पॉलिफेनॉल या वर्गातील पदार्थही त्यात राहतात.

वरईच्या दाण्यावरील टरफल मात्र कांडून काढावे लागते. घरी कांडलेल्या वरईवर कोंड्याचा काही थर शिल्लक राहतो, तर यंत्रावर पांढरी शुभ्र केलेल्या वरईतील तंतू बरेच कमी होतात. म्हणून उपवासाच्या भगरीचे, म्हणजे अशा पांढऱ्या वरईचे गुण आणि घरी कांडलेल्या वरईचे गुण एकच समजणे योग्य नाही.

भाकर, पेज आणि आंबील

नागली मधुमेहींसाठी सर्वथा निर्धोक असते हा समज अपुरा आहे. तिच्या निरनिराळ्या पदार्थांच्या चाचण्यांत ग्लायसेमिक निर्देशांक कमी ते जास्त अशा सर्व पातळ्यांवर आढळला असून हा फरक मुख्यतः दळण्याच्या व शिजवण्याच्या पद्धतीमुळे पडतो. पीठ जितके बारीक, पाणी जितके अधिक आणि शिजवण्याचा वेळ जितका लांब, तितके पिष्टकण फुगून फुटतात व विकरांना ते चटकन फोडता येतात. म्हणून तव्यावर भाजलेल्या जाडसर पिठाच्या भाकरीपेक्षा त्याच पिठाची पातळ, सरसरीत पेज साखर लवकर चढवू शकते. पेज चावावी लागत नाही आणि ती जठरातून लवकर पुढे सरकते हेही याचे कारण आहे. आजारी व्यक्ती, लहान मुले आणि अशक्त वृद्ध यांच्यासाठी पेज उपयुक्तच असते. मधुमेहीने मात्र ती एकटी पिऊन भागवू नये.

आंबील करताना पीठ पाण्यात किंवा ताकात कालवून आंबवले जाते. आंबवण्यात तयार होणाऱ्या लॅक्टिक आम्लामुळे पिष्टाचे पचन मंदावते, त्यामुळे गूळ न घातलेली, ताक व मीठ घालून केलेली आंबील गोड पेजेपेक्षा सरस ठरते. रात्रीची भाकर सकाळी खाण्याच्या जुन्या रीतीलाही शास्त्रीय आधार आहे. शिजलेले पिष्ट थंड होताना त्याचा काही भाग पुन्हा घट्ट बांधला जाऊन लहान आतड्यात न पचणारा होतो. त्याला ‘पचनरोधी पिष्ट’ म्हणतात. हा परिणाम माफक असतो आणि उष्ण व दमट हवेत उघड्यावर राहिलेले अन्न, विशेषतः भात, बाधण्याचा धोका असल्याने ते झाकून, थंड जागी ठेवणे आवश्यक असते.

जोडीचे पदार्थ

साधारण ५० ग्रॅम पिठाच्या एका नागलीच्या भाकरीतून सुमारे ३३ ग्रॅम कर्बोदके, परंतु केवळ साडेतीन ग्रॅम प्रथिने मिळतात. साखर स्थिर राहावी आणि पोषणही व्हावे यासाठी तिला प्रथिने, स्निग्ध पदार्थ व भाजी यांची जोड लागते, कारण हे घटक जठर रिकामे होण्याची गती कमी करतात आणि प्रथिनांमुळे इन्शुलिनचा स्रावही वाढतो. २५ ग्रॅम उडदाच्या डाळीच्या वरणातून जवळजवळ ६ ग्रॅम प्रथिने मिळतात व एका अंड्यातूनही तेवढीच मिळतात. सातपाटी, डहाणू इत्यादी किनाऱ्यावरील गावांची सुकट, जवळा व सुके बोंबील आठवडे बाजारांतून डोंगरापर्यंत येतात; या सुक्या मासळीत प्रथिने भरपूर असतात, परंतु मीठही जास्त असल्याने उच्च रक्तदाब असलेल्यांनी ती धुऊन व बेताने खावी लागते. खुरासणीच्या भाजलेल्या बियांची लसूण घालून केलेली चटणी स्निग्धांश पुरवते. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू यांसारख्या रानभाज्या आणि इतर ऋतूंत शेवग्याचा पाला किंवा माठ उपलब्ध असतो. भाजी आणि वरण आधी व भाकर नंतर खाल्ल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे अनेक चाचण्यांत दिसून आले आहे.

सकाळी कडधान्ययुक्त, मंद पचणारा आहार घेतल्यास त्याचा लाभ दुपारच्या जेवणानंतरच्या साखरेलाही होतो. याला ‘दुसऱ्या जेवणाचा परिणाम’ म्हणतात.

न्याहारीतील बदल

शेतावर जाणाऱ्यांची न्याहारी पूर्वी श्रमाशी जोडलेली होती. काम करणारे स्नायू इन्शुलिनच्या मदतीशिवायही ग्लुकोज ओढून घेत असल्याने लावणी, नांगरणी किंवा लाकूडफाटा आणण्याच्या कामापूर्वी खाल्लेल्या दोन भाकरी सहज जिरत. तीच माणसे किंवा त्यांची पुढची पिढी कार्यालयात, दुकानात किंवा वाहनावर बसून काम करू लागली, की तेवढ्याच खाण्यामुळे साखर अधिक चढते. अशा वेळी न्याहारीनंतर दहा-पंधरा मिनिटे चालण्याचा प्रत्यक्ष लाभ होतो.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार अंत्योदय कुटुंबाला महिना ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला ५ किलो धान्य मिळते. या व्यवस्थेने उपासमारीला आळा घातला, पण स्वस्त तांदूळ व गहू घरात आल्याने कष्टाने पिकवाव्या लागणाऱ्या नागली-वरईचे ताटातील स्थान आक्रसले. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याण या बाजूंना वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात. तेथे सकाळचे खाणे पुष्कळदा गोड चहा, पाव, बटर, टोस्ट किंवा बिस्किटांवर येते. मैदा आणि साखर यांच्या या जोडीत तंतू व प्रथिने नगण्य असतात. दोन चमचे साखरेच्या एका कपातून सुमारे १० ग्रॅम साखर पोटात जाते आणि दिवसभरात असे चार कप झाल्यास ती ४० ग्रॅम होते. गुळाचा चहा हा त्यावर उपाय नव्हे, कारण गूळही मुख्यतः साखरच असून रक्तशर्करेवर त्याचा परिणाम जवळजवळ तेवढाच होतो.

कुपोषण आणि मधुमेह

जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२ मध्ये झालेल्या बालमृत्यूंमुळे या परिसरातील कुपोषण राज्यभर चर्चेत आले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीमार्फत एक वेळचा चौरस आहार दिला जातो. कुपोषणाचा मधुमेहाशी निकटचा संबंध आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील गावांत चाललेल्या मातापोषण अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो आढळले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या सुमारे ३.५ किलोच्या बालकांच्या तुलनेत त्यांचे स्नायू बरेच कमी, पण त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. गर्भावस्थेत पोषण कमी मिळालेल्या व्यक्तीला पुढे मधुमेहाचा धोका वाढतो, या मताला अशा अभ्यासांनी बळ दिले. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी निगडित मधुमेहाला ‘पाचवा प्रकार’ म्हणून मान्यता दिली. या प्रकारातील रुग्ण सहसा तरुण व कृश असतात आणि त्यांच्यात इन्शुलिनचा स्राव अपुरा पडतो. म्हणून कृश मधुमेहीची भाकर तोडण्याऐवजी तिच्या जोडीला अंडे, डाळ वा मासळी वाढवणे आणि योग्य औषधोपचार मिळवून देणे आवश्यक ठरते.

निवडीचे नमुने

परिसरातील पदार्थांतून पुढील जोड्या करता येतात : (१) नागलीची एक भाकर, उडदाचे घट्ट वरण आणि पालेभाजी, (२) नागलीची भाकर, खुरासणीची चटणी व एक उकडलेले अंडे, (३) घरी कांडलेल्या वरईचा मोकळा भात, तुरीची डाळ व शेवग्याच्या पाल्याची भाजी, (४) ताकातील बिनगोड आंबील व त्यासोबत भाजलेले हरभरे किंवा शेंगदाणे, (५) तांदळाची भाकरच असेल तर ती अर्धी कमी करून सुकटीचे कालवण आणि भाजी अधिक. वजन जास्त असलेल्या व बैठे काम करणाऱ्या व्यक्तीने भाकरीची संख्या मर्यादित ठेवावी. कृश, कष्टकरी व्यक्ती आणि गरोदर स्त्रिया यांनी जोडीचे पदार्थ वाढवावेत. चहा बिनसाखरेचा वा कोरा घेता येतो. वाळवलेल्या मोहफुलांत साखरेचे प्रमाण मोठे असल्याने मधुमेहीने त्यांची गणना गोड पदार्थांतच करावी.

दक्षता

इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया वर्गातील गोळ्या घेणाऱ्यांनी औषध घेऊन न्याहारी टाळल्यास साखर ७० मिग्रॅ.च्या खाली उतरून घाम, थरथर, गोंधळ व बेशुद्धी येऊ शकते; शुद्धीवर असलेल्या रुग्णाला अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखविणारी एचबीए१सी ही चाचणी रक्तातील हिमोग्लोबिनवर अवलंबून असते. आदिवासी भागांत आढळणाऱ्या सिकलसेल विकारात तिचे उत्तर फसवे येऊ शकते आणि लोहाच्या कमतरतेच्या पंडुरोगात ते प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकते, म्हणून अशा रुग्णांत उपाशीपोटी आणि न्याहारीनंतर दोन तासांनी प्रत्यक्ष मोजलेल्या साखरेवर अधिक भर द्यावा लागतो. एकाच न्याहारीनंतरची ही दोन तासांची नोंद काही दिवस ठेवल्यास कोणती जोडी त्या व्यक्तीला मानवते हे कळते आणि औषधाची मात्रा ठरविण्यासही डॉक्टरांना तिचा उपयोग होतो.